पाटाचे पाणी आणि हरेगावची माती

कालव्यांचा इतिहास आपल्याकडे नेहमी धरणाच्या भिंतीवर उभे राहून लिहिला जातो. भिंत किती उंच, ती बांधायला किती वर्षे लागली, कोणत्या गव्हर्नरसाहेबांनी तिचे उद्घाटन केले, किती एकर जमीन भिजली, हे सारे त्यात तपशिलाने येते. ज्या गावांच्या शिवारातून तो पाट गेला, त्या गावांतील माणसांचे काय झाले, हे मात्र त्यात क्वचितच सापडते. प्रवरेच्या कालव्यांबाबत ही उणीव आम्हांस विशेष बोचते. कारण त्या पाटाच्या वाटेवरचे एक गाव आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. ते गाव म्हणजे हरेगाव.

सप्टेंबर महिना आला की, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास मतमाउलीच्या यात्रेसाठी हजारो पावले हरेगावच्या दिशेने वळतात. कुणी श्रीरामपूरहून चालत जातो, कुणी नाशिक-पुण्याहून, कुणी थेट मुंबईहून. नवस बोलले जातात, फेडले जातात. मेणबत्त्या लागतात, मिस्सा होतो आणि दुसऱ्या दिवशी यात्रेकरू आपापल्या धर्मग्रामांत परततात. या भक्तीविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु यात्रेची जी कथा घरोघरी सांगितली जाते, तिच्यात नवस आहे, गर्दी आहे, चमत्कार आहे. ज्या जमिनीवर ही यात्रा भरते, त्या जमिनीचा मात्र उल्लेख नाही. आमचे म्हणणे असे की, हरेगावच्या मातीला विसरून हरेगावची कथा सांगता येत नाही आणि ती माती समजून घ्यायची तर प्रवरेच्या पाटाचा इतिहास खालच्या टोकाकडून वाचावा लागतो.

धरणाच्या बाजूचा इतिहास आधी सांगितला पाहिजे. तो खोटा नाही, केवळ अपुरा आहे. प्रवरा नदी अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तेथे पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. तीच नदी पूर्वेकडे उतरून संगमनेर ओलांडते, तो सह्याद्रीची पर्जन्यछाया सुरू झालेली असते आणि श्रीरामपूर-राहात्याच्या शिवारात वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरीवर. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनचे कंबरडे मोडले. पाठोपाठ १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आले. सरकारने १९०१ साली पाटबंधारे आयोग नेमला. त्याचा अहवाल १९०३ मध्ये आला. त्यानंतरच्या काळात दख्खनमध्ये मोठ्या धरणांची कामे निघाली. भंडारदऱ्याचे काम १९१० साली सुरू झाले. सुमारे २७० फूट उंचीची ती दगडी भिंत पुरी झाल्यावर १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि त्यांचेच नाव धरणाला मिळाले. अकरा अब्ज घनफूट पाणी डोंगरात अडले. ते नदीच्याच पात्रातून खाली सोडायचे आणि संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून उजव्या व डाव्या अशा दोन पाटांनी शिवारात न्यायचे, अशी ही योजना. ज्यांनी ती आखली, त्यांच्या विद्येला आम्ही कमी लेखत नाही. दुष्काळात माणसे आणि जनावरे वाचावीत, हा त्यामागचा जाहीर हेतूही चांगलाच होता.

परंतु हेतू आणि हिशेब एकाच घरात फार काळ नांदत नाहीत. बाजरी-ज्वारी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला पाटाचे पाणी हवे असते ते पावसाने दगा दिला तर. पाऊस बरा झाला की तो पाणी मागत नाही आणि पाणीपट्टीही भरत नाही. म्हणजे ज्याच्या नावाने पाट खणायचा, तोच सरकारचे नित्याचे गिऱ्हाईक होऊ शकत नव्हता. बाराही महिने पाणी मागणारे, भरघोस पाणीपट्टी देणारे पीक एकच होते, ते म्हणजे ऊस. नीरा कालव्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ब्लॉकची पद्धत सुचविली, तीत पाणी अनेक गावांत फिरावे, उसाबरोबर इतर पिकांनाही मिळावे, असा समतोलाचा विचार होता. प्रत्यक्षात मात्र दख्खनच्या पाटांवर ऊस हा पाहुणा म्हणून आला आणि घरधनी होऊन बसला. दुष्काळाच्या नावाने आलेले पाणी साखरेच्या कामी लागले. आमच्या मते, प्रवरेच्या साऱ्या इतिहासाची किल्ली या एका वाक्यात आहे.

आता हरेगावाकडे वळू. साखर करायची तर ऊस हवा, ऊस हवा तर पाटाखालची सलग जमीन हवी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ च्या सुमारास, आजच्या श्रीरामपूर तालुक्यातील नऊ गावांची सात हजारांहून अधिक एकर जमीन इंग्रज सरकारने शेतकऱ्यांकडून घेतली आणि बेलापूर कंपनीच्या हवाली केली. कंपनीचा साखर कारखाना हरेगावला उभा राहिला. महाराष्ट्रातील अगदी पहिल्या आधुनिक साखर कारखान्यांत त्याची गणना होते. भोंगा वाजू लागला, मळ्यांना क्रमांक मिळाले, साहेबांचे बंगले झाले. या वैभवाची वर्णने आजही कौतुकाने केली जातात. पण ज्यांच्या सातबाऱ्यावर तो मळा उभा होता, त्या नऊ गावांच्या कुणब्याला त्या कौतुकात जागा नाही. त्याची जमीन दप्तरात कोणत्या नावाने ओळखली जाऊ लागली, तेही पाहण्यासारखे आहे: ‘अकारी पडीत’. ज्या मातीत डोक्याइतका हिरवागार ऊस उभा, ती कागदावर पडीत! सरकारी लेखणीच्या या विनोदावर हसावे की रडावे, हे ज्याची जमीन गेली त्यानेच ठरवावे.

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपण वेदीवरून अनेकदा ऐकली आहे. अहाब राजाला राजवाड्याशेजारचा तो मळा हवा होता. वाडवडिलांचे वतन विकणार नाही, असे नाबोथ म्हणाला, म्हणून खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठार करण्यात आले. हरेगावात दगड उचलावे लागले नाहीत. सरकारी कागद पुरला. पण वाडवडिलांच्या मातीवरून माणसाला उठविणे आणि ते कायद्याच्या भाषेत बसविणे, ही दोन्ही कामे इस्राएलात झाली तशीच दख्खनमध्येही झाली. आपण नाबोथाविषयी हळहळतो. परंतु ज्या शिवारात आपण मेणबत्ती लावतो, त्याच शिवारातील नाबोथांविषयी आपल्याला कुणी काही सांगितलेले नसते.

मळा म्हटला की त्याला हात लागतात. चाऱ्या काढायला, रात्री-अपरात्री दारे धरायला, ऊस तोडायला, मोळ्या बांधायला, कारखान्यात भट्टीपुढे उभे राहायला. हे हात बहुतांशी गावकुसाबाहेरचे होते. महार-मांग वस्त्यांतील, ज्यांच्या नावावर ना बागाईत ना जिरायत, अशी कुटुंबे पोटासाठी या मळ्यांवर आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नगर जिल्ह्यात आलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी ज्या समाजात काम केले, तो प्रामुख्याने हाच समाज. आज मराठवाड्याच्या सीमेपासून नाशिकपर्यंत पसरलेल्या कॅथलिक कुटुंबांपैकी अनेकांच्या मागील पिढ्यांत कोयता धरलेले हात आहेत. तेव्हा पाटाचा इतिहास हा ‘त्यांचा’, शेतकऱ्यांचा आणि कारखानदारांचा, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. तो आपल्या घरचा इतिहास आहे. पाटाच्या पाण्याने जी साखर झाली, तिच्यात आपल्या आज्या-पणज्यांचा घाम मुरला आहे.

आणखी एक गोष्ट यात्रेच्या कथेत येत नाही. डिसेंबर १९३९ मध्ये याच हरेगावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार, मांग आणि वेठियांची परिषद भरली. वतनी जमिनींवरील वाढीव आकारणीच्या विरोधात ती होती. गावची पिढीजात चाकरी करायची, तिच्या बदल्यात मिळालेला जमिनीचा तुकडा कसायचा आणि त्यावरही सरकारने बोजा वाढवायचा, याला त्या परिषदेने विरोध केला. स्थळ पाहा. एका बाजूला पाटाच्या पाण्यावर डोलणारे कंपनीचे हजारो एकर. दुसऱ्या बाजूला वतनाच्या काही गुंठ्यांसाठी गाऱ्हाणे मांडणारी माणसे. वर्षानुवर्षे बौद्ध बांधव या परिषदेचे स्मरण करीत आले आहेत. आपण त्याच गावात सप्टेंबरमध्ये जातो. डिसेंबरची आठवण मात्र आपल्या घरांत सांगितली जात नाही. पूर्वज एक, वस्ती एक, मळा एक. मग आठवणींच्या मध्ये ही भिंत कशासाठी?

स्वातंत्र्य आले, तेव्हा न्याय होईल असे वाटणे स्वाभाविक होते. १९६१ साली जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला. खासगी साखर कारखान्यांचे हजारो एकरांचे मळे सरकारने घेतले. परंतु घेतलेली जमीन ना मूळ धन्याकडे गेली, ना ती कसणाऱ्या मजुराकडे. १९६३ साली शेती महामंडळ स्थापन झाले आणि मळे त्याच्याकडे आले. कंपनी गेली, महामंडळ आले. मुकादम तोच, कोयताही तोच. ज्यांनी आपली जमीन खंडाने कारखान्यांना दिली होती, त्या खंडकरी शेतकऱ्यांना ती परत मिळू लागण्यास २०१२ साल उजाडावे लागले. आणि १९१८ च्या त्या नऊ गावांतील शेतकऱ्यांचे वारस शंभर वर्षे उलटल्यावरही न्यायालयाच्या आणि मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिले. कारखान्याचा भोंगाही कधीचाच बंद पडला. महामंडळाच्या चाळींत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्या कामगारांवर मात्र राहत्या घराच्या जागेसाठी अर्ज-विनंत्या करण्याची पाळी आली. साऱ्या शतकाचा ताळेबंद मांडला तर असे दिसते की, पाटाच्या काठी ज्याने सर्वांत अधिक श्रम केले, त्याच्या नावावर सर्वांत कमी जमीन लागली.

मातीनेही आपली तक्रार नोंदविली आहे. काळ्या, खोल जमिनीला वर्षानुवर्षे पाट भरून पाणी पाजले आणि निचऱ्याची सोय केली नाही की, जमिनीखालचे पाणी वर येते, त्याबरोबर क्षार वर येतात आणि सोन्यासारखे रान चोपण होते. हे ज्ञान आजचे नव्हे. दख्खनच्या पाटांखालील जमिनी उपळू लागल्या, म्हणून १९१६ सालीच पुण्यात त्यासाठी खास विभाग काढावा लागला. पुढे त्यातूनच खडकवासल्याची प्रसिद्ध जलसंशोधन संस्था उदयास आली. म्हणजे रोग कळला होता, वैद्यही नेमला होता. परंतु रोग्याने पथ्य पाळले नाही, कारण पथ्य उसाच्या आड येत होते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, तो आम्ही आधीच विचारात घेतो. ‘पाट आला नसता तर हा तालुका आज कुठे असता? बेलापूर रोड नावाच्या एका रेल्वे स्टेशनाभोवती श्रीरामपूरसारखी बाजारपेठ उभी राहिली, ती कशामुळे? लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना काढला, १९५० साली त्याचे पहिले गाळप सुरू झाले आणि सामान्य शेतकरी कारखान्याचा मालक झाला, हे पाटाविना घडले असते काय?’ आक्षेप खरा आहे. नसते घडले. लोणीने एक गोष्ट सिद्ध केली की, पाण्याचा लाभ कंपनीच्या तिजोरीत न जाता गावात राहू शकतो. पण आमचा वाद पाटाशी नाहीच. पाण्याने पाप केलेले नाही. पाणी उताराकडे वाहते. प्रश्न आहे तो उतार कुणी ठरविला याचा. सहकाराच्या भागधारकांच्या यादीतही जमीन असलेल्याचेच नाव लागले. ज्याच्याकडे वाफाच नाही, त्याने दारे कुठे धरावीत?

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे आणि तो आपल्याच बाकांवरून येईल. ‘आम्ही मातेच्या दर्शनाला जातो, तेथे जमिनीचे वाद आणि राजकारण कशाला आणता?’ या भाविकांना आम्ही नम्रपणे विचारतो, एलिया संदेष्ट्याने नाबोथाच्या मळ्यात जाऊन राजाला जाब विचारला, ते राजकारण होते की धर्म? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याजोगे शुद्ध पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट म्हटले, ते कोणत्या पक्षासाठी? ज्या मातेच्या पायाशी आपण नवस बोलतो, तिच्या स्तोत्रात दीनांना उंचावण्याची भाषा आहे. ते स्तोत्र आपण गातो. त्याचा अर्थ हरेगावच्या चाळीपर्यंत पोहोचू देत नाही.

आणि ही केवळ जुनी गोष्ट आहे, असेही कुणी समजू नये. भंडारदऱ्याच्या खाली त्याच प्रवरेवर निळवंडे धरणाची कल्पना १९७० साली पुढे आली. त्याच्या ८५ किलोमीटरच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. इंग्रजांना सारे भंडारदरा बांधायला सोळा वर्षे लागली. आपल्याला एक कालवा लोकार्पणापर्यंत आणायला त्रेपन्न वर्षे. जुन्या पाटाला लागून असलेली गावे या काळात उसात न्हाऊन निघाली आणि तिथून काही कोसांवरची कोरडवाहू गावे टँकरची वाट पाहत राहिली. ज्यांच्या दऱ्याखोऱ्यांत हे सारे पाणी साठते, त्या अकोले तालुक्यातील अनेक आदिवासी वाड्यांनाही उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. पाणी डोंगरात अडते. पण डोंगराचे नसते. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच दाखवून दिले की, महाराष्ट्रात पिकाखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी पितो. २००५ साली राज्याने जलसंपत्ती नियमनाचा कायदा केला, समन्यायी वाटपाचे तत्त्व त्यात लिहिले. तरीही जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली की, दर दुष्काळात पाटावरचे पुढारी आणि मराठवाड्यातील तहानलेले एकमेकांसमोर उभे ठाकतात. नवा कालवा, जुनाच प्रश्न: पाणी कुणाच्या नावाने येते आणि कुणाच्या शेतात मुरते?

मग करावे काय? निव्वळ हळहळण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. नगर-नाशिक भागातील प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या आहेत. कोणते कुटुंब कोठून आले, केव्हा आले, कुठे मेले, याचा इतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही. त्या वह्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी आपल्या शिकलेल्या तरुणांनी त्या वाचाव्यात, मळ्यांवर राबलेल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. यात्रेच्या आवारात भाविकांना वाचता येईल असा एक फलक असावा. त्यावर कारखान्याबरोबरच नऊ गावांची जमीन, मळ्यांवरचे मजूर आणि १९३९ ची परिषद यांचीही नोंद असावी. महामंडळाच्या कामगारांचा घराच्या जागेचा प्रश्न हा ‘कामगार पुढाऱ्यांचा’ न राहता धर्मग्रामांचा व्हावा. यात्रेच्या दिवशी हजारोंच्या साक्षीने तो उच्चारला जावा. आणि आपल्यापैकी ज्यांच्या शेतात आज पाट पोहोचला आहे, त्यांनी आवर्तन आले म्हणून पाट फोडून पाणी लोटू नये. ठिबकावर यावे, उसाचे रान थोडे आवरावे, म्हणजे चारीच्या शेवटी असलेल्या शेजाऱ्याच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचेल. चारीच्या शेवटी असलेला माणूस कोण, हे विचारण्याची गरज नाही. दयाळू शोमरोन्याची कथा आपल्याला पाठ आहे.

येत्या सप्टेंबरमध्येही हरेगावची वाट फुलेल. मातेच्या मूर्तीकडे पाहताना आपल्या पायाखालच्या मातीकडेही एकदा पाहा. ती पडीत नाही. ती कधीच पडीत नव्हती. तिच्यावर कुणाचे तरी नाव होते, तिच्यात कुणाचा तरी घाम आहे आणि तिचा न्याय अजून व्हायचा आहे.